दुसऱ्या कानाचा रकाना

मी नोकरीला लागले तेव्हा मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत बातमी पसरली की यमुना रेडिओत लागली. त्या आठवड्यात समोरच्या घरातल्या बायका संध्याकाळच्या बातम्यांना मुद्दाम आमच्याकडे येऊन बसल्या. आमच्याकडे रेडिओ होता असं नाही. शेजारच्या शिंप्याचा रेडिओ आमच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू यायचा. बातम्या संपल्या, हवामान झालं, माझा आवाज काही आला नाही. बायका उठून गेल्यावर अव्वा, म्हणजे माझी आई, मला म्हणाली, "कधी येणार गं तुझा आवाज?"

"मी बोलत नाही अव्वा. मी ऐकते."

"ऐकायला पगार देतात?"

"देतात."

"अय्यो! मग मलाही घ्या म्हणावं. तीस वर्षं तुझ्या अप्पांचं ऐकतेय. सुम्ने, फुकट!"

सुम्ने म्हणजे उगीचच. आमच्या घरच्या मराठीत हा कानडी शब्द दिवसभर राबायचा. अव्वाला मी पुष्कळदा समजावून सांगितलं की सरकारची एक सेवा आहे, परदेशांतली रेडिओ केंद्रं आपल्याबद्दल आणि जगाबद्दल काय बोलतात ते ती रोज ऐकते, लिहून काढते आणि दिल्लीला कळवते. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. पुढे याच सेवेचा कारभार मी बरीच वर्षं पाहिला. आमची कितीतरी ऑफिसं उघडली, काही बंद केली, नव्या मुलामुलींना कानावर हेडफोन चढवून बसवलं. पण कारभार म्हणजे काय, ते मला ज्या तीन आठवड्यांत कळलं, ते आठवडे मी अजून बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असतानाचे आहेत.

आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. घोडदळ गेलं, घोडी गेली, पण घोड्याच्या अंगावरचं चामडं आमच्या घरात राहिलं. अप्पा लगाम, पट्टे, खोगिरं शिवायचे. त्यांचं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. भल्या पहाटे जटक्यांचे, म्हणजे टांग्यांचे, गाडीवान तुटलेले पट्टे घेऊन दारात उभे राहत, आणि आमची सकाळ ओल्या चामड्याच्या वासाने आणि त्यांच्या कानडी-उर्दू भांडणांनी सुरू व्हायची. घरात नागलीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि कुळथाचं सारू हे ठरलेलं. आजोबांच्या काळी घोड्यांसाठी मोठ्या हंड्यात कुळीथ शिजायचे. कुळीथ घोडी खायची आणि वरचं पाणी फोडणी देऊन माणसं. घोडी राहिली नाहीत तरी अव्वा सारू तसंच करायची, पातळ, लसणाचं, नाकातून पाणी काढणारं. मी या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. माझ्याआधी कुणी मॅट्रिकची पायरीही चढलं नव्हतं. त्यामुळे माझं पुस्तक उघडं दिसलं की अप्पा हातोडी खाली ठेवायचे. अभ्यास चालला आहे म्हणून ते चामडं ठोकायचे नाहीत, नुसतं शिवत बसायचे. मला ते फार लागायचं, पण थांबू नका असं म्हणण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

राज्यांची फेररचना होऊन गेली होती. कानडी राज्यात मराठी आडनावाची मुलगी म्हटल्यावर मुलाखतीला बसलेल्या एका साहेबांनी विचारलं, "तुम्ही बेळगावच्या का?" मी म्हटलं, "नाही सर, इथलीच. सातवी पिढी." त्यांना कानडी आणि मराठी दोन्ही समजणारं माणूस हवं होतं. मला दोन्ही येतात असं मी छातीठोक सांगितलं आणि पहिल्याच सकाळी कळलं की मला मराठी येत नाही. एका बर्फाळ देशातून सकाळी पंधरा मिनिटं मराठीत बातम्या येत. तो निवेदक जे बोलायचा त्यातलं निम्मं मला नवं होतं. आमच्या घरी 'परिषद' नव्हती, 'शिष्टमंडळ' नव्हतं, 'तथापि' तर नव्हतंच. मी शब्द उच्चारावरून लिहून घ्यायची आणि कॉलेजच्या वाचनालयात कोश उघडून बसायची. आज मी ज्या मराठीत हे लिहिते आहे ती मला हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या त्या माणसाने शिकवली. हे कबूल करताना मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची.

आमचं ऑफिस गावाबाहेर, बेट्टाकडे, म्हणजे डोंगराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या बंगल्यात होतं. मागच्या आमराईत उंच खांब आणि त्यांच्यामधून ताणलेल्या तारा. गावातल्या विजेची खरखर तिथवर पोचत नसे म्हणून ती जागा निवडलेली. पण आम्ही आल्यानंतर दोन वर्षांत शेजारी पिठाची गिरणी उभी राहिली. सात वाजता गिरणीचा पट्टा फिरला की जगातली सगळी केंद्रं एका दमात बुडायची. म्हणून आमचं खरं काम पहाटे साडेपाच ते सात. त्यानंतर टंकलेखन, तार, कॉफी, आणि साडेनऊला मी वह्या घेऊन कॉलेजला.

आम्ही चौघं होतो. वरदराजन सर प्रमुख, शामण्णा आणि मी ऐकणारे, आणि मादप्पा नावाचा शिपाई, जो कॉफी उत्तम करायचा आणि तारांवर बसणाऱ्या कावळ्यांवर खडे मारायचा. शामण्णा बेट्टदपुरचे. महायुद्धात त्यांनी वाळवंटात लष्कराच्या सिग्नल दलात काम केलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलेलं, डोक्याला काळी टोपी, आणि कानावर हेडफोन चढवताना ती टोपी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवायची पद्धत, जणू दुसरा कुणी येऊन बसला आहे. मला ते 'मगू' म्हणायचे. मगू म्हणजे मूल. ऐकलेलं कसं लिहायचं ते त्यांनीच मला शिकवलं. जे ऐकू आलं नाही तिथे रेघ मारायची. अंदाज लिहायचा नाही. "रेघ मारायला लाज वाटली की या कामातून उठावं," ते म्हणायचे.

आमच्याकडे नवं केंद्र सापडलं की एक छापील फॉर्म भरायचा असे. त्यात दोन रकाने होते: ऐकणारा पहिला, ऐकणारा दुसरा. नियम असा की नवं केंद्र दोघांनी, दोन वेगळ्या सेटांवर, ऐकल्याशिवाय कळवायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं, तर थोरल्याने सांगितलं की धाकट्याने दुसऱ्या रकान्यात इनिशियल करायचे. सगळीकडे तसंच चालायचं. वडीलधाऱ्या माणसाने मी ऐकलं म्हटल्यावर, थांबा, मीही ऐकून बघते, असं म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातलं चाखून बघण्यासारखं वाटायचं. मी ज्या घरातून आले होते तिथे तर थोरल्यांचं बोलणं संपण्याआधी मान हलायची.

दसऱ्याच्या आधी वरदराजन सरांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते कुंभकोणला जायला निघाले तेव्हा मला वाटलं, चार्ज शामण्णांना मिळणार. शामण्णांनी हात वर केले. "सह्या करायच्या वयात मी नाही. मगू इंग्रजी बरं लिहिते, तिला द्या." सरांनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि एक कागद दाखवला. दिल्लीने विचारलं होतं की मैसूरचं युनिट एवढं छोटं, तर ते बंद करून दुसऱ्या गावच्या मोठ्या युनिटात का विलीन करू नये. "मी परत येईपर्यंत नीट चालवा," सर म्हणाले. "आता प्रत्येक तार ते वाचणार आहेत." युनिट गेलं असतं तर शामण्णा वर्षभर आधी घरी बसले असते, आणि मला गाव सोडून जाता आलं नसतं, म्हणजे माझी नोकरी गेली असती आणि तिच्यावर चाललेलं कॉलेजही.

चौथ्या दिवशी सकाळी शामण्णांनी हेडफोन काढले आणि टोपी न घालताच माझ्या टेबलाशी आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मगू, नवं केंद्र. यादीत नाही. बाईचा आवाज, भाषा ओळखता येत नाही. क्षीण आहे, पण आहे." ते त्यांच्या आवडत्या जुन्या सेटवर बसत असत. मी उठून त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. दहा पावलं होती. पण त्यांनी फॉर्म भरूनच आणला होता, आणि गिरणी सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती. मी दुसऱ्या रकान्यात य. बा. असे इनिशियल केले. खाली प्रमुखांची सही म्हणूनही मीच सही केली. तार गेली.

दिल्लीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. शाबासकी होती, आणि रोज तपशील पाठवा अशी सूचना. मादप्पाने त्या दिवशी सगळ्यांना दोनदा कॉफी दिली. शामण्णा गिरणीवाल्याकडे जाऊन, काय काम ते न सांगता, "आमचं काम आता फार महत्त्वाचं आहे" असं सांगून आले. मी घरी सांगितलं की साहेबांनी कौतुक केलं. अप्पांनी दुकानातल्या तीन गाडीवानांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दिल्लीच्या साहेबांनी?"

तपशील पाठवायचा म्हणून तिसऱ्या सकाळी मी स्वतः जुन्या सेटवर बसले. होता, बाईचा आवाज होता. मग मनात आलं, नव्या सेटवर जास्त स्वच्छ येईल. नव्या सेटवर काटा त्याच जागी आणला तर तिथे काही नाही. नुसता वारा. मी तारा बदलून पाहिल्या. काही नाही. जुन्या सेटांची एक खोड असते. एखादं दणकट केंद्र काट्यावर आपल्या जागी तर वाजतंच, पण ठरावीक अंतर खाली त्याची फिकट नक्कलही वाजते. चांगले सेट ती गाळून टाकतात. आम्ही त्याला सावली म्हणायचो. मी नव्या सेटचा काटा तेवढंच अंतर वर नेला. तिथे एक मोठं, सगळ्या जगाला ठाऊक असलेलं, फक्त आमच्या यादीत नसलेलं केंद्र खणखणीत लागलं होतं. मी दोन्ही सेटांचे हेडफोन ओढून घेतले, एकाचा तुकडा डाव्या कानाला, दुसऱ्याचा उजव्या. दोन्हीकडे तीच बाई. मग ती खोकली. दोन्ही कानांत एकदम खोकली.

मी शामण्णांना बोलावलं. "सावली आहे," मी म्हटलं.

"मला सावली शिकवतेस? मी वाळवंटात असताना तू पाळण्यात होतीस."

"तुम्ही एकदा ऐका."

त्यांनी दोन्ही कानांना दोन्ही तुकडे लावले आणि बराच वेळ तसेच बसले. मग हेडफोन ठेवले, टोपी उचलली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली. "दोघांपुरतं ठेव," ते हळूच म्हणाले. "ऋतू बदलतोय. या दिवसांत कितीतरी केंद्रं ऐकू येईनाशी होतात. आठवड्याने लिहू, आता ऐकू येत नाही. कोण विचारणार? खोटंही नाही ते."

खरंच होतं. आमच्या कामात यापेक्षा सोपी पळवाट नव्हती. हवा बदलते, केंद्र नाहीसं होतं, कागद बंद. युनिट वाचत होतं, शामण्णांचं नाव राहत होतं, माझी सहीही झाकली जात होती. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी घरी दसऱ्याच्या घोड्यांचं काम आलं होतं. पितळी बकलांचा ढीग अव्वा आणि मी चिंचेने घासत बसलो. मी अप्पांना विचारलं, "आपण केलेल्या कामात चूक निघाली आणि गिऱ्हाइकाला कळलीच नाही, तर?"

अप्पांनी खूप विचार केला. "बकल उलटं लावलंस का गं?"

"नाही अप्पा. ऑफिसातलं विचारतेय."

"मग मला काय कळतंय? तू शिकलेली." आणि ते पुन्हा दोऱ्याला मेण लावू लागले. मला त्यांचा थोडा राग आला. लहानपणापासून मी ज्यांना विचारत आले ते सगळे आता मलाच विचारत होते. अव्वा म्हणाली, "नीट घास. कोपऱ्यात हिरवं राहिलंय."

दुसऱ्या सकाळी दिल्लीची आणखी एक तार आली होती. मैसूरने कळवलेलं केंद्र दुसऱ्या एका युनिटनेही ऐकलं असून दोघांचे इनिशियल मिळाले आहेत. शामण्णांनी ती माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचली. "बघ! म्हणजे आहे! आपण चुकलो नव्हतो." त्यांचा चेहरा उजळला. पण मी तो खोकला दोन कानांनी ऐकला होता. त्या युनिटकडेही आमच्यासारखाच जुना सेट असेल आणि त्यांनी खरंच सावली ऐकली असेल, असं मी आज म्हणू शकते. पण त्या क्षणी मला दिसली ती कुठल्यातरी बंगल्यात बसलेली माझ्यासारखीच एक मुलगी, थोरल्याने पुढे केलेला कागद, आणि दुसऱ्या रकान्यात उमटणारी दोन अक्षरं. माझ्या न ऐकलेल्या कानावर विश्वास ठेवून तिने आपला कान वाचवला होता. आता तिच्या अक्षरांवर विश्वास ठेवून मी माझा वाचवायचा? असं झालं तर दिल्लीला कुणाच्या कानातून काय ऐकू येणार होतं?

मी तीन मसुदे केले. पहिल्यात 'तांत्रिक कारणाने' असं होतं. दुसऱ्यात 'निरीक्षणात त्रुटी'. दोन्ही फाडले. तिसरा शामण्णांना दाखवला. केंद्र ही सावली आहे, जुन्या सेटवरची. दुसऱ्या रकान्यातले इनिशियल माझे आहेत. मी ते न ऐकता केले. प्रमुख म्हणून जबाबदारी माझी. त्यांचं नाव त्यात नव्हतं.

"युनिट जाईल," ते म्हणाले.

"गेलं तर जाईल."

"आणि तुझं कॉलेज?"

मी मसुद्याची घडी घातली. त्यांनी टोपी घातली आणि बाहेर आमराईत जाऊन उभे राहिले.

मादप्पाला पाठवायला मन घेईना. कॉलेजच्या वाटेवर मी स्वतः तार ऑफिसात गेले. केंद्राचं नाव आमच्या सांकेतिक आकड्यांत होतं, बाकीचं सरळ इंग्रजीत. खिडकीतल्या कारकुनाची सवय अशी की तो मजकूर मोठ्याने वाचायचा. रांगेत पाच-सहा जण उभे. 'मी ऐकले नव्हते' या वाक्यापाशी तो थांबला आणि त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, हे 'नव्हते' राहू द्यायचं ना? लोक घाईत चुकून जास्तीचा शब्द टाकतात."

"राहू द्या," मी म्हटलं. "मोठ्याने वाचा हवं तर पुन्हा."

ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही कळत नाही. माझ्या आवाजाला मागची माणसं वळून पाहू लागली होती, आणि मला चक्क बरं वाटत होतं. कॉलेजात पहिला तास मी नीट ऐकला, प्रश्नही विचारला. तोवर मी वर्गात कधी प्रश्न विचारला नव्हता.

दिल्लीचं उत्तर एका ओळीचं होतं: नोंद घेतली, लेखी खुलासा पाठवा. सर परत आले, फाइल उघडली, मला समोर उभं केलं. "इनिशियल तुमचे?"

"हो सर."

"कान?"

"नव्हता, सर."

त्यांनी माझ्या नावे ताकीद लिहिली, माझ्यासमोरच, सावकाश, आणि वाचून दाखवली. मग म्हणाले, "सकाळच्या सह्या यापुढेही तुम्हीच करा. मला एवढ्या पहाटे यायला जमत नाही." ती ताकीद माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत होती. बढतीच्या प्रत्येक मुलाखतीत कुणीतरी ती काढायचं आणि मी ती गोष्ट सांगायची. युनिट पुढे बरीच वर्षं टिकलं. आमच्यामुळे की आम्ही असूनही, ते कागदावर कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि माझ्याच हातात सगळे कागद आले तेव्हाही मी ते फार शोधलं नाही.

शामण्णा मात्र नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कामापुरतं, तेही मादप्पामार्फत. "त्यांना सांग, साडेसहाचं मी लिहिलंय." मी हाताच्या अंतरावर बसलेली. मादप्पा इमानाने सांगायचा. अव्वाने डब्यात दिलेला ओबट्टू, आमच्याकडची पुरणपोळी, मी त्यांच्या टेबलावर ठेवला. तो त्यांनी मादप्पाला खायला दिला.

दहाव्या सकाळी मी नेहमीप्रमाणे बर्फाळ देशाच्या बातम्यांची वाट बघत होते. शामण्णांनी शेजारच्या खुर्चीवरून आपली टोपी उचलली, मांडीवर घेतली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे मानेनेच खूण केली. त्यांच्या सेटला हेडफोनची दुसरी जोडी लावलेली होती. मी जाऊन बसले. एक दूरचं केंद्र लागलं होतं, आवाज लाटेसारखा वर येऊन खाली जात होता. कुठल्याशा करारावर किती देशांनी सह्या केल्या ते सांगत होते. शामण्णांनी 'सात' लिहिलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली, दुसऱ्या रकान्यासाठी.

मी पेन्सिल उचलली नाही. "शामण्णा," मी म्हटलं, "मला तो आकडा ऐकू आला नाही. तिथे आवाज बुडाला."

खोलीत मादप्पा होता, दारात वरदराजन सर उभे होते. शामण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सातावर काट मारली, तिथे एक लांब, सरळ रेघ ओढली आणि कागद माझ्यापुढे केला.

"आता कर सही, मगू," ते म्हणाले.